टंचाईत सोडलेलं दूध

त्या उन्हाळ्यात अख्खं दोहा दूध शोधत होतं, आणि मला दूध सोडायला सांगितलं होतं.

शेजारच्या देशांनी सीमा बंद केल्या तेव्हा रमजान चालू होता आणि माझा मुलगा जेमतेम दीड महिन्याचा होता. इथलं दूध, दही, लबान म्हणजे इथलं ताक, बहुतेक सगळं वाळवंटातून ट्रकने यायचं. ट्रक थांबले. दुसऱ्या दिवशी सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये नुसते दिवे जळत होते. मग विमानाने तुर्की दूध येऊ लागलं, आणि पाठोपाठ गाईसुद्धा विमानाने येणार अशी बातमी आली. माझी आई म्हणाली, "गाईंना विमानाचं तिकीट! आणि मला मेलीला खिडकीची जागासुद्धा मिळाली नव्हती."

आई माझ्या बाळंतपणासाठी व्हिजिट व्हिसावर आली होती. अबू हमूरमधल्या एका व्हिलाचे तुकडे पाडून भाड्याने दिलेल्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. नवरा लुसैलला साइटवर इंजिनियर. पुढे जिथे फुटबॉल विश्वचषकाचे सामने झाले, तिथे तेव्हा धुळीने भरलेले खड्डे आणि क्रेन होत्या. शहरातला रस्ता रोज वेगळीकडे वळवलेला असायचा; सकाळी गेलेल्या वाटेने संध्याकाळी परत येता येईल याची खात्री नसायची. अशा एका संध्याकाळी तो तुर्की दुधाची खोकी दोन्ही हातांत आणि एक हनुवटीखाली धरून दारात उभा राहिला. त्यासाठी तो साइटवरून सुटून तीन दुकानं फिरला होता.

"या जावईबापू," आई म्हणाली, "किल्ला जिंकून आलात."

"आई, बाळंतिणीला दूध नको का?" तो म्हणाला आणि शर्टाने घाम पुसला.

बाळंतिणीला दूध हवंच होतं. आळिवाची खीर दुधात, शतावरी दुधात, झोपताना हळद घालून पुन्हा दूध. मी पीत होते, आणि मुलगा मला पीत होता.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. इचलकरंजीत आमच्या पुढच्या खोलीत बाबांचं छपाईचं ट्रेडल मशीन होतं. यंत्रमाग कामगारांच्या संपाची, बुवाबाजीविरुद्धची, पाणीपट्टीविरुद्धची पत्रकं त्यावर निघायची. शाळेत जायच्या आधी मी त्यांच्या घड्या घालायचे, शाईने काळी झालेली बोटं घेऊन प्रार्थनेला उभी राहायचे. आईचं एक खास पत्रक होतं, डब्याच्या दुधाविरुद्ध. कंपन्या आयांना कसं घाबरवतात, आईच्या दुधासारखं दुसरं काही का नाही, हे त्यात साध्या भाषेत लिहिलेलं होतं. ते घेऊन आम्ही मायलेकी गल्लीगल्लीत फिरलो होतो. एका घरातून बाळंतिणीच्या सासूने आम्हाला हाकलून दिलं तेव्हा आई उंबऱ्यावर पत्रक ठेवून त्यावर दगड ठेवून आली होती. कतारला आल्यावर पत्रक छापायची सोय राहिली नाही. साइटवर कामगारांना उन्हात कसं राबवतात ते नवऱ्याकडून ऐकून माझं डोकं फिरायचं, तेव्हा तो म्हणायचा, "मनात छाप. मनात छापायला परवाना लागत नाही."

तर अशा घरात डब्याचं दूध येणं शक्यच नव्हतं. मुलाला मी अंगावरच पाजणार, यात कोणाला चर्चा करायची गरज वाटली नव्हती.

आधी उलट्या सुरू झाल्या. मुलं थोडं दूध काढतातच, पण हा पाजून झालं की धनुष्यासारखा मागे वाकायचा आणि सगळं बाहेर टाकायचा. मग गाल लाल आणि खरखरीत झाले, कोपराच्या घडीत पुरळ उठून त्यातून पाणी यायला लागलं. शी हिरवट, शेंबडासारखी चिकट. आई म्हणाली ऊन बाधलं असेल, मी म्हणाले एसी बाधला असेल. आणि एका सकाळी लंगोट बदलताना त्या चिकट शीमध्ये मला रक्ताची बारीक रेघ दिसली. मी लंगोट खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिला. रेघ तिथेही होती.

डॉक्टर सुदानच्या होत्या, वयस्कर, अतिशय सावकाश इंग्रजी बोलणाऱ्या. त्यांनी मुलाला उघडं करून नीट तपासलं, शी तपासायला पाठवली, जंतुसंसर्ग नाही ना आणि गुदद्वाराशी चीर नाही ना हे पाहिलं. मग प्रश्न. पाजल्यावर लगेच अंगावर गांधी उठतात का? ओठ, डोळे सुजतात का? श्वास घेताना त्रास होतो का? मी प्रत्येकाला नाही म्हणाले.

"तसं कधी झालं तर माझी वाट पाहू नका, सरळ इमर्जन्सीत या," त्या म्हणाल्या. "हे त्यातलं दिसत नाही. ही सावकाश चालणारी अ‍ॅलर्जी असू शकते. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची."

"पण मी त्याला गाईचं दूध देतच नाही," मी म्हणाले. माझ्या आवाजात पत्रकाचा आवेश आला होता. "फक्त माझं."

"तुम्ही काय पिता?"

मला कळायला क्षणभर वेळ लागला. मी प्यायलेल्या दुधातली थोडी प्रथिनं माझ्या दुधातून त्याच्या पोटात जात होती. त्यांनी सांगितलं: दूध, दही, ताक, लोणी, पनीर, खवा, दुधाची पावडर, सगळं बंद. आई मध्येच मराठीत म्हणाली, "तूप चालेल म्हणावं. तुपात कुठे दूध असतं?" मी भाषांतर केलं. डॉक्टर म्हणाल्या, थोडा अंश राहतो, सध्या तेही नको. मला कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. बकरीचं दूधही नको, ते गाईच्या दुधाचंच भावंड. आणि अंगावर पाजणं अजिबात थांबवायचं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला.

घरी आल्यावर नवऱ्याने मोठ्या खुशीत लॅक्टोज-फ्री दुधाचं खोकं आणलं. मला डॉक्टरांना फोन करून विचारावं लागलं. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, इथे भांडण प्रथिनांशी आहे, साखर काढून टाकली तरी प्रथिनं तिथेच. नवरा खोक्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे हेही खलास?" तेही खलास.

दूध सोडणं म्हणजे दुधाचा पेला बाजूला ठेवणं, असं मला वाटलं होतं. पण ते ब्रेडमध्ये होतं, बिस्किटांत होतं, सूपच्या पाकिटात होतं, चक्क मसाला चिप्समध्ये होतं. मी दुकानात उभी राहून पाकिटांच्या पाठी वाचायचे, आणि शेजारी बायका दुधाच्या शेवटच्या खोक्यासाठी एकमेकींच्या ट्रॉल्यांना ट्रॉल्या घासत असायच्या. शेवटी मी भाकरी, आमटी, तेलावरची भाजी आणि काकडी एवढ्यावर आले. वरणभातावर तूप नाही म्हणून आईचे डोळे भरायचे. माझे कपडे ढगळ झाले. मला भूक लागायची आणि ताट पाहिलं की भीती वाटायची. आपण जे गिळतो ते दोन-तीन तासांनी त्याच्या पोटात आग लावणार असेल तर जेवायचं कसं?

उलट्या थोड्या कमी झाल्या. रक्त थांबलं नाही. कधी दोन दिवस काही नाही, मग पुन्हा रेघ. गाल तसेच. पुढच्या तपासणीला काट्यावर ठेवलं तेव्हा वजन जवळजवळ तिथेच होतं. डॉक्टरांनी तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं, त्याची रेघ वर चढायची सोडून आडवी झाली होती.

"अगदी काटेकोर बंद केलंत?"

"थेंबसुद्धा नाही," मी म्हणाले, आणि रडायला लागले.

त्या म्हणाल्या, आणखी एक आठवडा बघू. तेवढ्यात वजन वाढलं नाही तर खास डब्याचं दूध द्यावं लागेल, प्रथिनं तोडून बारीक केलेलं. काही दिवस तेच, किंवा त्याच्या जोडीला माझं. "तो उपाशी राहता कामा नये. बाकीचं नंतर."

त्या संध्याकाळी घरात जे भांडण झालं ते शेजारच्या तुकड्यातल्या केरळी कुटुंबाला भाषा न कळताही कळलं असणार.

"कमिशन असतं त्यांना," आई म्हणाली. "आधी आईला घाबरवायचं, मग डबा हातात द्यायचा. तूच वाटलीस ना ती पत्रकं?"

"आई, त्याच्या शीतून रक्त येतंय. पत्रकात रक्ताचं काही लिहिलं होतं का?"

"डबा घरात आला तर मी पहिल्या विमानाने परत जाईन, सांगून ठेवते."

"जा! गाईंच्या विमानाने जा!"

नवरा दोघींच्या मध्ये मुलाला खांद्यावर घेऊन उभा होता. तो म्हणाला, "आई, तुम्ही बसा. तूही बस जरा. मी डबा आणतो. उघडायचा की नाही ते आठवड्याने ठरवू." आणि तो खरंच जाऊन डबा घेऊन आला. दोन्ही बाजूंनी शिव्या खाऊन त्याने तो टेबलावर ठेवला. आई परत गेली नाही. ती टेबलाकडे पाठ करून जेवायला बसायची, एवढंच.

मला त्या दिवसांत स्वतःची किळस यायला लागली होती. दूध भरून यायचं, अंगावरचा कपडा ओला व्हायचा, मुलगा भुकेने तोंड उघडून शोधायचा आणि मी त्याला जवळ घ्यायला उशीर करायचे. ज्या गोष्टीसाठी आम्ही लोकांच्या दारात उभ्या राहिलो, ती माझ्याच अंगात बिघडली आहे, असं वाटायचं. लहानपणापासून मला सगळ्या प्रश्नांना शत्रू शोधायची सवय होती. गिरणीमालक, बुवा, कंपनी. इथे शत्रू सापडत नव्हता, आणि सापडलाच तर तो मीच होते.

मग एका सकाळी अंघोळीनंतर आईने त्याला टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर दिला. तो भुकेला होता, दोन्ही मुठी तोंडात कोंबून चोखत होता. मी त्याची मूठ हळूच बाहेर ओढली आणि सहज नाकाशी नेली. दुधाचा वास आला. माझ्या दुधाचा नव्हे. तापवून गार केलेल्या दुधाचा, किंचित आंबूस.

"आई, याच्या हाताला काय लावलंस?"

"नेहमीचंच. साय आणि मसुराचं पीठ. कातडी किती कोरडी झालीय पोराची."

मी त्याची मूठ तिच्यापुढे धरली. आईचं बोलणं चालूच होतं, आणि बोलता बोलता तिचा आवाज खाली आला.

ते नेहमीचंच होतं. पहिल्या दिवसापासून ती त्याला साय-पीठ लावून न्हाऊ घालत होती, जसं मला घातलं, जसं गावात सगळ्यांच्या मुलांना घालतात. मी दूध सोडल्यावर खोकी उरली. एवढ्या मारामारीने आणलेलं दूध ओतून देणं आईला जमलं नसतं, मलाही जमलं नसतं. ती रोज ते तापवायची, नवऱ्याचा चहा करायची, आणि वर येणारा पातळ पापुद्रा वाटीत साठवायची. दोन दिवसांची साय जमली की ती बाळाच्या अंगाला. ज्या आठवड्यात मी एकेका बिस्किटाच्या पुड्याची पाठ वाचत होते त्या आठवड्यात त्याला आधीपेक्षा जास्त साय मिळत होती. फुटलेल्या कातडीवर, आणि मुठीवरून सरळ तोंडात. वाटी पुष्कळदा मीच फ्रीजमधून काढून दिली होती. डॉक्टरांनी विचारलं होतं, काय पिता, काय खाता. साय आमच्या लेखी खाण्यात नव्हती, ती अंघोळीत होती.

आईने वाटी धुतली. मग पुन्हा धुतली. मग मोरीत जाऊन त्याचा अंघोळीचा टब घासत बसली. मी मागे जाऊन उभी राहिले तर वळून न बघता म्हणाली, "बुवाबाजीविरुद्ध बोंबलत फिरले ग मी सगळी हयात. आणि घरात हे."

"ही बुवाबाजी नाही, आई. साय आहे."

"गप बस."

मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या की अंगाला लावायच्या गोष्टींबद्दल आता त्या प्रत्येकीला विचारतील. त्वचेसाठी साधं, वास नसलेलं मलम लिहून दिलं आणि आठवड्याची मुदत पुढे ढकलली. आठवड्याच्या शेवटी रक्त थांबलं. पुढच्या काही आठवड्यांत गाल निवळले, कोपराच्या घड्या सुकल्या. काट्यावर आकडा सरकला तेव्हा नवऱ्याने दवाखान्यातच "यल्ला!", म्हणजे साइटवरच्या अरबीत "चला!", असं ओरडून नर्सला दचकवलं. तो पाजल्यावर माझ्या हातावर झोपून जायला लागला. असं झोपलेलं मी त्याला आधी पाहिलंच नव्हतं.

मला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाल्या, आता तुम्ही पुन्हा दूध प्यायचं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी समजावलं: तो बरा झाला ते दूध बंद केल्याने, की वयाने आपोआप, की मलमाने, हे अजून कोणालाच माहीत नाही. नुसत्या अंदाजावर तुम्हाला वर्षभर असं जेवायला लावणं आणि त्याला पुढे दुधापासून दूर ठेवणं बरोबर नाही. त्याला लगेच उठणाऱ्या गांधी, सूज असं कधी झालेलं नाही, म्हणून हे घरी करता येईल. तुम्ही रोज थोडं दूध घ्या, आठवडाभर बघा. लक्षणं परत आली तर लगेच थांबवा. मग खात्री झाली.

"कशाला?" नवरा घरी आल्यावर म्हणाला. "तो हसतोय, झोपतोय. पुन्हा मुद्दाम त्याला... नको. मला खात्री नको. मला हा असाच हवाय."

मी आईकडे बघितलं. तिने साथ द्यावी असं मला वाटत होतं, नवऱ्याला की डॉक्टरांना ते माझं मला कळत नव्हतं.

आईने मुलाला मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "आपण दुसऱ्यांच्या दारात जाऊन पुरावा मागायचो. बुवाची राख खाऊन बरा झालो म्हणणाऱ्याला विचारायचो, आपोआप बरा झाला नाहीस कशावरून?" तिने मुलाचा पाय हातात घेतला. "पण तेव्हा आपलं लेकरू नव्हतं मध्ये."

मी प्यायले. टेबलाशी बसून, भर सकाळी, औषधासारखं. इतके दिवस न मिळालेली चव इतकी चांगली लागली की मला स्वतःचा संताप आला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि माझ्या मनात एक लाजिरवाणी आशा उगवली: कदाचित काहीच नसेल, कदाचित मी उद्या दहीभात खाईन. तिसऱ्या दिवशी तो पाजताना मागे वाकला. संध्याकाळी गाल तापल्यासारखे लाल. चौथ्या दिवशी दुपारी लंगोटात रेघ.

मी साइटवर फोन लावला. मागे ड्रिलचा आवाज होता.

"आलं," मी म्हणाले.

ड्रिल थांबलं, पुन्हा सुरू झालं. मग तो म्हणाला, "बंद कर. मी येतो."

मग डॉक्टर. पुरावा मिळाला, त्या म्हणाल्या, तुम्ही चांगलं केलंत. आता किमान सहा महिने, आणि तो वर्षाच्या आसपास येईपर्यंत तुमचं दूध पिणं बंद. मग पुन्हा हळूहळू, आमच्या देखरेखीखाली. बहुतेक मुलं यातून बाहेर येतात. मी विचारलं, आता या क्षणी काय करू? माझ्या अंगात अजून ते दूध आहे. ते जाईपर्यंत काय पाजू?

"पाजत राहा," त्या म्हणाल्या. "काही दिवसांत निवळेल. फारच त्रास झाला तर डबा आहे, तोही चालेल. दोन्हीतलं काही पाप नाही. तुमचं दूध विष नाही."

फोन ठेवला तेव्हा तो जागा झाला होता आणि भुकेने रडत होता. आई डब्याकडे पाहत होती, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर विरोध नव्हता. "काढू का गरम पाणी?" तिने विचारलं. ते विचारणं तिला किती जड गेलं असेल ते मला माहीत होतं.

मी मुलाला उचललं. त्याने रडता रडता तोंड फिरवून मला शोधलं, सापडल्यावर घट्ट धरलं, आणि तो गप्प झाला. मी भिंतीला टेकून बसले. प्रत्येक घोटाबरोबर त्याच्या गळ्याशी होणारी हालचाल मी पाहत होते, तो आता वाकेल, आता ओरडेल अशी वाट बघत. आई पाण्याचं भांडं हातात घेऊन दारात उभी होती. तो पीत होता.